आप्पांना डिमेन्शिया: खर्च कसा ओढायचा आणि भावंडांत कसा वाटायचा? (बेळगाव)

वडगावचा_मागवाला

नमस्कार मंडळी. इथं नेहमी नुसतं वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

आमचे आप्पा ७४ चे. आयुष्यभर वडगावात माग चालवले, घरातच चार पॉवरलूम होते, साड्या विणून आम्हा तिघांना शिकवलं. धंदा बसला तसे माग भंगारात गेले. आता विसरायलेत. आधी आम्ही म्हटलं वय झालं, पण मग सोसायटीत जाऊन "माझ्या ठेवीच्या पावत्या तुम्हीच दाबल्या" म्हणून मॅनेजरशी भांडायला लागले, आणि पावत्या घरात कपाटात. एकदा दूध आणायला म्हणून गेले ते नाथ पै सर्कलला सापडले, पायात चप्पल नाही. डॉक्टरांनी स्कॅन वगैरे करून सांगितलं अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाच, बरा होणार नाही, गोळ्यांनी थोडा हळू होईल इतकंच.

आता हिशोब. मी उद्यमबागेत सीएनसी मशीनवर, हातात २६ हजार येतात. बायको खडेबाजारात कापडाच्या दुकानात होती, ११ हजार मिळायचे, आप्पांना एकटं ठेवता येईना म्हणून दिवाळीनंतर सोडलं तिनं. गोळ्या आणि डॉक्टर मिळून महिन्याला तीन हजाराच्या आसपास, रात्रीचे डायपर वेगळे, आणि ब्युरोतनं सांभाळायला बाई ठेवायची म्हटलं तर दिवसपाळीला १८ हजार सांगितले, जेवण आपलं. म्हणजे माझा पगार तिच्या हातात ठेवून आम्ही काय खायचं.

धाकटा भाऊ पुण्यात आहे, तो ३ हजार पाठवतो आणि "लागलं तर सांग" म्हणतो. बहीण गडहिंग्लजला दिलीय, ती येऊन राहते अधनंमधनं पण तिचंही घर आहे. येळ्ळूर रोडला आप्पांच्या नावावर दोन गुंठे प्लॉट आहे, भाऊ म्हणतो तो विकून टाक आणि त्यातनं कर. मला ते पटंना आणि दुसरं काही सुचंनाही झालंय.

विचारायचं होतं की सरकारी काही मदत मिळते का अशा पेशंटला? आरोग्य विम्यात बसतं का? आणि तुमच्यापैकी कुणी भावंडांत खर्च वाटून घेतलाय का, कसा?

निपाणीची_सून

भाऊ, तुमची पोस्ट वाचून वाटलं आमच्याच घरचं लिहिलंय. माझ्या सासूबाईंना हेच आहे, पाच वर्षं होत आली.

सगळ्यात आधी एक सांगते, तुमच्या हिशोबात एक रक्कम राहिली. बायकोचे ११ हजार. तुम्ही लिहिलंय खरं "सोडलं तिनं" म्हणून, पण खर्चात धरलं नाही. तुमच्या घरचा सगळ्यात मोठा खर्च तोच आहे, गोळ्या नाहीत की डायपर नाहीत. भाऊ पुण्यातनं ३ हजार पाठवून हिशोब मिटला म्हणतो ना, त्याला विचारा वैनीचे ११ हजार कुठल्या खात्यात टाकलेस. आणि ११ पण कमीच, कारण ब्युरोची बाई संध्याकाळी घरी जाते, तुमची बायको रात्री दोनला उठून त्यांना संडासला नेते त्याचे पैसे कुठल्या ब्युरोनं लावलेत?

मी मुद्दाम वाचलं होतं यावर. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, २०१९ साली जगात डिमेन्शियावर १.३ लाख कोटी डॉलर खर्च झाला आणि त्यातला निम्मा घरच्यांच्या फुकट कष्टाचा धरलेला, आणि सांभाळण्याच्या एकूण तासांतले ७० टक्के तास बायकांचे. जगभर हेच आहे म्हणजे, निपाणीतच नाही. तुम्ही घरातल्या घरात तरी लिहून ठेवा, भावंडांत बोलताना कागद पुढं टाकायला येतो.

आमच्या सासूबाई बिडी कामगार होत्या, ३५ वर्षं बिड्या वळल्या. पेन्शन येते ती पीएफची किमान, महिना १ हजार. त्यासाठी हयातीचा दाखला द्यायचा, तर बोटाचे ठसे उमटंनात! तंबाखूनं आणि वयानं बोटं गुळगुळीत झालेली, मशीनवर दहा दहा वेळा दाबायला लावायचे आणि त्या चिडून हात ओढून घ्यायच्या, "माझं बोट तोडतासा काय" म्हणून ओरडायच्या आणि रांगेतली माणसं बघत उभी. आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतं ते, जीवन प्रमाण ॲपवर, घरात खाटेवर बसल्या बसल्या. पीएफच्या पेन्शनला नोव्हेंबरच पाहिजे असंही नाही, वर्षात कधीही द्या, तिथनं वर्षभर चालतो. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी उगाच म्हाताऱ्या माणसाला बँकेत ओढू नका.

सेवानिवृत्त_टिळकवाडी

मी आयुष्यभर कर सल्लागाराचं काम केलं त्यामुळं माझं बोलणं कागदपत्रांचंच असणार, माफ करा.

मागवालेसाहेब, प्लॉट विकायचा की नाही हे नंतर. आधी हे बघा की आप्पा आज सही समजून करू शकतात का. वेळ थोडा आहे. बरेच लोक म्हणतात वटमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करून घेतलंय, आता काळजी नाही. तसं नसतं. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणं देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की ते वटमुखत्यारपत्र आपोआप संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं त्याच दिवशी ते निकामी. मग पुढं काही विकायचं, मोडायचं झालं तर पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं, पुष्कळ वेळा थेट हायकोर्टात, आपल्याला धारवाड खंडपीठ. वकील, तारखा, वैद्यकीय तपासणी, सगळा खर्च प्लॉटच्याच पैशातनं जातो.

म्हणून आत्ता, चांगल्या दिवशी, सकाळच्या वेळी (अशा पेशंटना सकाळी जरा बरं असतं, संध्याकाळी गोंधळ वाढतो) डॉक्टरांना दाखवून त्याच तारखेचा दाखला घ्या की यांना आपण काय करतोय ते कळतंय, आणि मृत्युपत्र करा, सब-रजिस्ट्रारकडं नोंदवा. सोसायटीतल्या ठेवी आणि बँक खातं जोडखातं करून घ्या, दोघांपैकी कुणीही काढू शकेल असं. नॉमिनी लावून घ्या. हे करताना पुण्याचा भाऊ आणि बहीण दोघांना बोलवा, समोर बसवा, नाहीतर उद्या "दादानं आप्पाच्या डोक्याचा फायदा घेतला" हे ऐकायची तयारी ठेवा. मी चांगली चांगली घरं यावरनं फुटलेली बघितलीत. आणि दाखला द्यायला डॉक्टर नाही म्हणाले तर तिथंच थांबा, जबरदस्तीनं अंगठा घेऊ नका, तो कागद पुढं टिकत नाही.

कराचं: तुमच्या पगाराला कर बसत नसेल, पण भावाला बसतो. आयकराच्या ८०डीडीबी कलमात डिमेन्शिया नाव घेऊन लिहिलेला आहे, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असलं पाहिजे आणि न्यूरोलॉजिस्टनं लिहून द्यावं लागतं. ज्येष्ठ नागरिकासाठी १ लाखापर्यंत वजावट, प्रत्यक्ष झालेल्या खर्चावर. शिवाय अपंगत्वाचं कार्ड निघालं तर ८०डीडीखाली ७५ हजार, ८० टक्क्यांवर असेल तर १ लाख २५ हजार, तिथं खर्चाची बिलं इतकी दाखवावी लागत नाहीत. दोन्ही जुन्या कर पद्धतीतच, नवीन घेतली असेल तर विसरा. कलमांचे नंबर नव्या कायद्यात बदललेत म्हणून त्याच्या सीएला विचारायला सांगा. मुद्दा असा की भाऊ आप्पांवर खर्च करेल तेव्हाच त्याला वजावट मिळणार. हे त्याला सांगा, ३ हजाराचे ८ हजार व्हायला मदत होईल.

काळी_माती

राग मानू नका पण आमच्या आज्ज्याला पण असंच झालेलं, तेव्हा ना ब्युरो ना डायपर, घरातच गेले बिचारे. खर्च एक रुपाया न्हाई. आता सगळ्याला नाव आलंय आणि नावाबरोबर बिल आलंय. आईबापाचं करायला हिशोब कसला लावायचा गा?

निपाणीची_सून

@काळी_माती तुमच्या आज्ज्यांचं कुणी केलं? आज्जीनं आणि तुमच्या आईनं ना? त्यांना विचारा एक रुपाया पण खर्च झाला नाही का ते. घरात तेव्हा दहा माणसं होती, दोन शेताला गेली तरी आठ मागं राहायची. आता आम्ही चौघं, त्यातला एक पेशंट आणि एक दहावीला.

काळी_माती

बरं बाई, तुमचं खरं. आई आता ऐंशीची आहे, ती पण तेच म्हणते की त्या तीन वर्षांत मी माहेर बघितलं न्हाई.

लॅबवाला_खानापूर

मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये काम करतो, पण एक विचारतो. आप्पांचं बी१२ आणि थायरॉईड तपासलंय का? कारण बी१२ कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं की माणूस अगदी असाच विसरतो, आणि ते गोळ्या-इंजेक्शननं सुधारतं. म्हातारं माणूस मधे कधी पडलं असेल तर मेंदूच्या वर रक्त साकळून पण असं होतं, ते स्कॅनमध्ये दिसतं. तुमचं स्कॅन झालंय म्हणताय म्हणजे बहुतेक बघितलंच असेल, तरी फाईल उघडून रक्ताचे रिपोर्ट आहेत का बघा. आमच्याकडं खेड्यातनं येणारे निम्मे लोक हे तपासायच्या आधीच "म्हातारचळ" म्हणून सोडून देतात.

सरकारी मदतीचं मी बघितलंय तेवढं सांगतो. आयुष्मान, ७० वरच्यांचं ५ लाखाचं कार्ड (२०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालं ते), महाराष्ट्राची महात्मा फुले योजना जी २०२३ ला सीमाभागातल्या ८६५ गावांना लावली आणि त्यावरनं दोन्हीकडं केवढा गदारोळ झाला, ह्या सगळ्याचं मूळ एकच आहे की पेशंट दवाखान्यात ॲडमिट झाला तर पैसे. आप्पा पडले आणि खुबा मोडला तर कामाला येईल. ते घरात बसून तुम्हाला चोवीस तास बांधून ठेवतात त्याला एकाही योजनेत रकाना नाही. दोन सरकारं आपल्यासाठी भांडतात आणि डायपर आपणच आणायचा, असं आहे ते. तरी कार्ड काढून ठेवा, फक्त कुठल्या दवाखान्यात चालतं ते आधी विचारून घ्या. प्रायव्हेट विम्याचं पण तसंच, २४ तास ॲडमिट असलं तर, घरच्या बाईचा पगार कुणी देत नाही.

औषधाला मात्र वाचवता येतं. डोनेपेझिल, मेमँटिन ह्या जुन्या गोळ्या आहेत, जेनेरिक मिळतात, डॉक्टरांकडनं कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं नाव लिहून घ्या आणि जनऔषधी दुकानात विचारा, फरक बघून तुम्हीच चकित व्हाल. आणि फॉलोअपला धारवाडचं डिमहान्स आहे, सरकारी, मेंदूचा आणि मनाचाच दवाखाना, गर्दी असते पण केसपेपर स्वस्त. वैनींना बस फुकट आहे शक्ती योजनेत, आप्पांचं तेवढं तिकीट. बेंगळुरूच्या निमहान्सनं (तिथला मोठा मेंदू-मनाचा दवाखाना) कर्नाटक सरकारबरोबर ब्रेन हेल्थचा कार्यक्रम पण सुरू केलाय, जिल्हा रुग्णालयात त्याचं क्लिनिक असतं, आपल्या सिव्हिलला जाऊन कुठल्या वाराला असतं ते विचारा.

अपंगत्वाचं कार्ड वर काकांनी सांगितलं ते खरं, डिमेन्शियाला मिळू शकतं, ४० टक्के किंवा वर पाहिजे. फॉर्म कन्नडमध्ये असतो, मला मेसेज करा, भरून देतो.

वडगावचा_मागवाला

सगळ्यांचे आभार. रात्री बायकोला वाचून दाखवलं, निपाणीच्या ताईंचं ऐकून ती काही बोलली नाही, उठून डायरी आणली आणि तारीख घालून लिहायलाच लागली.

बी१२ चा रिपोर्ट फाईलमध्ये होता, नॉर्मल आहे. थायरॉईडचा सापडला नाही, उद्या करून घेतो. लॅबवाले मित्रा, मेसेज केलाय.

विम्याचं कळलं. राज्य सरकारची म्हाताऱ्यांची संध्या सुरक्षा पेन्शन आप्पांना १२०० येते ती चालू आहे. बायकोला गृहलक्ष्मी योजनेचे २ हजार येतात ते सरळ डायपरला जातात.

भावाला काल फोन केला. तो म्हणाला "दादा, तू हिशोब लावायलाईस, आप्पांचं काय दुकान आहे काय". म्हटलं दुकान नाही पण बंद पण पडंना. तर फोन ठेवला त्यानं. कायद्यानं काही करता येतं का? म्हणजे करायचं नाही, पण माहीत असावं.

अजून एक विचारायचं होतं, दुपारी ते फार अस्वस्थ होतात, दाराला कडी घातली तर दार बडवतात. ताई तुम्ही काय करता?

सेवानिवृत्त_टिळकवाडी

येतं. २००७ चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा. अर्ज आप्पांच्या नावानं प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणात, त्यांना जमत नसेल तर त्यांच्या वतीनं दुसरा कुणी करू शकतो. महिन्याला १० हजारापर्यंत निर्वाह ठरवून देता येतो. आणि लोकांना माहीत नसलेली गोष्ट, एका मुलावर अर्ज झाला तर तो मुलगा बाकीच्या भावंडांनाही त्यात ओढू शकतो, म्हणजे सगळ्यांनी मिळून द्या म्हणून. पण मागवालेसाहेब, हा कागद दाखवायचा नसतो, खिशात आहे एवढं माहीत असलं की बोलताना आवाज बदलतो.

मी असतो तर भावाला पुढच्या सुट्टीत आठ दिवस बोलावून घेतलं असतं आणि तुम्ही नवराबायको कुठंतरी गेला असता. नरसोबाच्या वाडीला जा, कुठंही जा. आठ दिवसांत त्याला जे कळेल ते तुम्ही फोनवर आठ वर्षं सांगितलं तरी कळणार नाही.

प्लॉटचं माझं मत, विकू नका. विकलात तर आलेले पैसे दोन-तीन वर्षांत संपतात, आणि हा आजार आठ-दहा वर्षंही चालतो. त्यापेक्षा भावंडांत लिहून ठरवा की जो सांभाळेल त्याचा प्लॉटमध्ये वाटा जास्त, किंवा खर्चाची वही ठेवून शेवटी वाटणीत वळता. मृत्युपत्रात आप्पांनाच ते घालू दे, आत्ता त्यांना कळतंय तोवर.

निपाणीची_सून

दुपारचं सांगते. आमच्या सासूबाईंना मी सुपात सुकी पानं घालून देते, त्या बसून पानं कापल्यासारखी करतात, तंबाखू देत नाही अर्थात. हातानं जे आयुष्यभर केलं ते हात विसरत नाहीत. तुमचे आप्पा मागवाले, त्यांना सूत द्या की. आणि दाराला कडी आतनं वरती लावा, त्यांचा हात पोचेल तिथं नको, आणि दारावर पडदा टाका म्हणजे दार दिसत नाही. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी शिवून ठेवा, नुसती ठेवली तर काढून टाकतात.

शेजारच्यांना पण सांगून ठेवा, लपवू नका. आम्ही आधी लपवलं, लोक काय म्हणतील म्हणून, आणि त्या एकदा बाहेर पडल्या तर कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं बघून सोडून दिलं, त्याला काय माहीत. आता तोच फोन करतो.

सीमेपलीकडचा

गावाकडच्या गप्पा वाचतोय चंदगडहून. सरकारनं काय करायला पाहिजे यावर कुणी बोललंच नाही. देशात ६० वर्षांवरच्यांत ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे असा २०२३ चा अंदाज आहे, म्हणजे ८८ लाख माणसं, खेड्यात शहरापेक्षा जास्त. घरटी एक माणूस जरी त्यात अडकला तरी ८८ लाख कामाचे हात गेले. अंगणवाडी जशी पोरांची दिवसा बघते तसं म्हाताऱ्यांना दिवसा ठेवायला तालुक्याला एक जागा काढली तर मागवाले वैनी परत दुकानात जातील, दुकानात गेल्या तर पगार येईल. प्रत्येक गल्लीत समाज मंदिर आहे, दिवसभर कुलूप असतं त्याला.

लॅबवाला_खानापूर

@सीमेपलीकडचा जागा मिळंल, माणसं कुठनं आणायची? अंगणवाडीच्या बायकांनाच पगारासाठी बेंगळुरूला जाऊन धरणं धरावं लागतंय. तरी कल्पना चांगली आहे. आमच्या गल्लीत दोन घरांत असे पेशंट आहेत, दोघींनी पाळी लावून घेतलीय, एक दिवस हिच्याकडं एक दिवस तिच्याकडं, त्यामुळं एकीचं आठवड्यात तीन दिवस तरी शिलाई मशीन चालतं. मागवाले, वडगावात असं दुसरं घर शोधा, शंभर टक्के असणार, बोलत नाहीत एवढंच.

वडगावचा_मागवाला

ताई, सूत दिलं. शेजारच्याकडनं एक कोन आणला आणि रिकाम्या कांड्या. आप्पांनी दोरा बोटांत धरला, तुटल्यासारखा केला, आणि बघता बघता गाठ मारली, ती मागवाल्याची बारीक गाठ, मला अजून येत नाही तसली. तासभर बसले. मधेच मला "पगार कधी देणार" विचारलं, म्हटलं शनिवारी. बरं म्हणाले.

प्लॉट विकत नाही, ठरलं. डॉक्टरांची वेळ घेतलीय दाखल्यासाठी, बहीण येणार आहे, भावाला मेसेज टाकलाय, वाचलाय त्यानं, उत्तर नाही अजून. मृत्युपत्राला साक्षीदार कोण चालतात काका? भाऊबंदातला चालतो का बाहेरचा पाहिजे?

सेवानिवृत्त_टिळकवाडी

दोन साक्षीदार, ज्यांना मृत्युपत्रातनं काहीच मिळणार नाही असे. तुम्ही, भाऊ, बहीण आणि त्यांचे नवरा-बायको कुणी नको. शेजारी चालतील, आणि एक साक्षीदार तो दाखला देणारा डॉक्टरच झाला तर फारच उत्तम. वय आप्पांपेक्षा कमी असलेले बघा, पुढं कोर्टात बोलवायची वेळ आली तर हयात पाहिजेत. आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि फोटो दोघांचे घेऊन ठेवा.